फुटक्या नळीचे दोन गुण

तास संपल्याची घंटा झाली की कुठल्याही वर्गातली मुलं दाराकडे धावतात. प्रयोगशाळेत ती सोय नव्हती. तिथे दारातच नळीकाका उभे असत. एका हातात लाकडी स्टँड, दुसऱ्या हाताचं बोट एकेका परीक्षानळीच्या तोंडावर टेकवत ओठांतल्या ओठांत मोजणी चाललेली. एकवीस, बावीस, तेवीस. "चोविसावी कुठाय?" चोविसावी सापडेपर्यंत कुणी उंबरठा ओलांडायचा नाही. एकदा तर खुद्द मुख्याध्यापिकांना त्यांनी पाच मिनिटं अडवून धरलं होतं. बाई पाहणीला आल्या होत्या, मुलांशी बोलत होत्या, आणि बोलण्याच्या नादात चोविसावी नळी त्यांच्याच हातात राहिली होती.

हजेरीपटावर त्यांचा हुद्दा 'प्रयोगशाळा सहायक' असा होता, पण तो कुणाच्या तोंडी नव्हता. मुलांनी नळीकाका म्हटलं, मग शिक्षकांनी म्हटलं, आणि हळूहळू पोस्टमनसुद्धा "नळीकाका आहेत का?" असं विचारू लागला. एकतीस वर्षं त्यांनी त्या काचा तळहाताच्या फोडासारख्या जपल्या होत्या. टेबलाच्या खणात एक लांबट वही होती, तिच्यावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'फुटतूट'. काय फुटलं, कधी फुटलं, कुणाच्या हातून फुटलं. त्या वहीत गेल्या चौदा महिन्यांत एकही नोंद नव्हती, आणि काकांना याचा इतका अभिमान होता की लिहायला काही नसतानाही ते ती रोज उघडून बघत. भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती, 'नीट येत नसेल तर हात लावू नका.'

घरीही तेच. काचेचे पेले ते स्वतः विसळत, फडक्यावर पालथे घालत, आणि कुणी उचलू लागलं की "दोन्ही हातांनी!" असं ओरडत. त्यांची बायको घरी कपडे शिवून देत असे. ती म्हणायची, "आमच्या लग्नात यांनी माझा हात धरला तोही फडक्यानंच धरला असेल. फुटेन की काय म्हणून."

या घरात जून महिन्यात त्यांची भाची राहायला आली. बहिणीची आणि मेव्हण्यांची बदली अशा ठिकाणी झाली होती की जवळपास शाळाच नव्हती. मुलगी आठवीत. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. तीन वर्षांची असताना तिने एक गोटी गिळली होती आणि दोन दिवस सगळं घर देव पाण्यात घालून बसलं होतं, तेव्हापासून ती गोटी. मामाच्याच शाळेत तिला प्रवेश मिळाला. मामाने पहिल्याच दिवशी ताकीद दिली, "घरी मी मामा, तू मला 'तू' म्हण. शाळेत मी नळीकाका. तिथे 'तुम्ही'."

"आणि रस्त्यात?" गोटीने विचारलं.

"रस्त्यात गप्प चाल."

गोटी तशी चुणचुणीत. बोलण्यात कुणाला हार जायची नाही. मामीच्या मोबाईलवर कुठलाही खेळ दिला की दोन दिवसांत ती त्याच्या शेवटच्या पायरीवर. पण गणित म्हटलं की पोरीची दातखीळ बसायची. पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा गणितात पंचवीसपैकी चार. शाळेचा नियम होता: दोन्ही सत्रांत जो विषय जाईल, त्यासाठी वर्ष पुन्हा. म्हणजे दुसऱ्या सत्रातही गणित गेलं, तर गोटीच्या मैत्रिणी नववीत जाणार आणि ती त्याच बाकावर, नव्या मुलींच्या शेजारी.

गणिताच्या बाई मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत आल्या. पेपर काकांच्या टेबलावर ठेवला.

"काका, तुमची भाची म्हणून दाखवायला आणला. बघा."

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. पहिली चार उदाहरणं बरोबर, सुबक अक्षरात. त्यापुढची पानं कोरी. एक आकडासुद्धा नाही.

"चुकली असती तर दुरुस्त केलं असतं," बाई म्हणाल्या. "कोरं पान मी कसं दुरुस्त करू?"

घरी आल्यावर काकांनी पिशवी खुंटीला अडकवली. पेपर मामाच्या पिशवीतून डोकावत होता, तो तिने बघितला होता. जेवण झाल्यावर ती कोपऱ्यात जाऊन मोबाईल घेऊन बसली. काका तिच्याकडे बघत राहिले. कपाळावर आठी, ओठ दाबलेले, बोटं विजेसारखी. हरली की पुन्हा सुरू, हरली की पुन्हा सुरू.

"एवढं मन लावून ही काय करते?" त्यांनी बायकोला विचारलं.

"कुठल्याशा राजवाड्याच्या विटा रचते. शंभर विटा झाल्या की मनोरा मिळतो."

"खरा?"

"अहो, खरा कसा मिळेल? मोबाईलमध्ये."

काकांच्या डोक्यात तेव्हाच किडा वळवळला. आता, काकांना मोबाईलचा खेळ कसा करता येणार, असं कुणाला वाटेल. पण आठ वर्षांपूर्वी शाळेत संगणकांची खोली झाली, तिचे शिक्षक सहा महिन्यांत सोडून गेले, आणि "किल्ल्या तुमच्याकडेच असू देत" असं म्हणून ती खोली काकांच्या गळ्यात पडली. नुसत्या किल्ल्या सांभाळणं काकांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी एक जाडजूड पुस्तक आणलं आणि पहिल्या पानापासून शिकायला घेतलं. शाळेचं वेळापत्रक लावणारा प्रोग्रॅम त्यांचाच होता. त्यात एकदा पीटीच्या सरांना एकाच वेळी मैदानावर आणि चित्रकलेच्या वर्गात जावं लागलं होतं हे खरं, पण तो पहिल्या आठवड्यातला किस्सा.

दिवाणखान्यात शिवणयंत्राला लागून एक लहान टेबल होतं, तिथे एक जुना संगणक आणून काकांनी बस्तान मांडलं. शाळेतून आले की चहा, आणि चहा झाला की टकटक. रविवारी सकाळपासून टकटक. एकीकडे यंत्राची खटखट, एकीकडे कळांची. मधल्या स्टुलावर गोटी, परीक्षकाच्या तोऱ्यात.

"मामा, ही परीक्षानळी आहे की काकडी?"

"नळी आहे."

"नळी सरळ असते. हिला बाक आलाय."

काकांनी बाक काढला. खेळाचं नाव ठेवलं 'माझी प्रयोगशाळा'. ठेवायला त्यांना दुसरं काय सुचणार! मुलाने पुस्तक उघडायचं, पाच मिनिटं धडा वाचायचा, मग खेळातली तीन उदाहरणं सोडवायची. सोडवली की एक चकचकीत नळी मिळणार. सहा नळ्यांचा एक स्टँड. चार स्टँड भरले की भिंतीवरची एक फळी. उदाहरणं तीन कपाटांत लावलेली: पहिल्यात सोपी, दुसऱ्यात जरा अवघड, तिसऱ्यात खरी परीक्षेतली. आणि उत्तर चुकलं तर? काकांना विचारही करावा लागला नाही. चुकलं तर एक नळी फुटणार, आणि खेळातल्या फुटतूट वहीत नोंद होणार. एकही नळी न फोडणाऱ्याच्या वहीवर सोनेरी अक्षरात 'फुटतूट: शून्य'.

नळी फुटल्याचा आवाज हवा होता. त्यासाठी खरी नळी फोडणं काकांच्या हातून या जन्मी होणं शक्य नव्हतं. त्यांनी माळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढला आणि मोबाईलजवळ धरून खळखळवला.

"हे काय आहे?" मामी यंत्र थांबवून म्हणाली.

"काचा. शाळेत फुटलेल्या."

"केव्हाच्या?"

"पहिल्यापासूनच्या."

मामीने कपाळाला हात लावला. "लोक लग्नातले फोटो जपतात हो!"

दोन महिन्यांत खेळ उभा राहिला. आधी गोटीने खेळला. मग तिने मैत्रिणींना दाखवला, आणि बघता बघता आठवीचा सगळा वर्ग 'नळ्या भरायला' लागला. घराघरांतून आईबाबांचे मोबाईल पळवले जाऊ लागले. गणिताच्या बाईंनी मुख्याध्यापिकांची परवानगी काढली आणि वर्गात सांगितलं, रोज एक तास, घरी, मोठ्यांना विचारून. मधल्या सुट्टीत मुलं विचारायची, "तुझे किती स्टँड?" आणि लगेच, "फुटतूट किती?" शून्य असलेली मुलं मान ताठ करून चालायची.

सगळ्यांत वरचढ गोटी. तिच्या प्रयोगशाळेत तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर नळ्याच नळ्या, आणि फुटतूट शून्य. काका रोज संध्याकाळी तिच्याकडून मोबाईल घेऊन ती कौतुकाने न्याहाळत. असा लखलखाट त्यांच्या खऱ्या प्रयोगशाळेतही नव्हता.

"पोरगी माझ्यावर गेली," ते बायकोला म्हणाले.

"तीच तर काळजी आहे," मामी दोरा तोडत म्हणाली.

वार्षिक परीक्षेला सात आठवडे उरले तेव्हा बाईंनी एक सराव चाचणी घेतली. दुसऱ्या दिवशी त्या प्रयोगशाळेत आल्या त्या पेपरांचा सगळा गठ्ठाच घेऊन. काका हसतमुखाने उठले. पेढा नाही तरी निदान शाबासकी मिळणार, अशा बेताने त्यांनी खुर्ची पुसून दिली.

बाई बसल्या नाहीत. "काका, वर्ग आहे तिथेच आहे. चार जण तर खाली गेलेत. आणि तुमची गोटी..." त्यांनी वरचा पेपर उलटून दाखवला. पंचवीसपैकी पाच. पहिली पाच उदाहरणं बरोबर. पुढे कोरं.

"असं कसं होईल? तिच्याकडे तीनशे अठ्ठ्याऐंशी नळ्या आहेत!"

"मग नळ्याच बसवा परीक्षेला," बाई म्हणाल्या. रागाने नाही, त्या दमल्या होत्या. "काका, मुलं अभ्यासाला बसतायत, हे खरंय. पण ती करतायत काय, ते बघा एकदा."

त्या दुपारी काकांनी संगणकांच्या खोलीचं दार लोटलं आणि खेळातल्या नोंदी उघडल्या. कोणी कुठलं उदाहरण किती वेळा सोडवलं, सगळं तिथे होतं. बघता बघता त्यांचा चेहरा उतरत गेला. सगळा वर्ग पहिल्या कपाटाशी घुटमळत होता. तीन अष्टमांश अधिक दोन अष्टमांश. चार नवमांश अधिक एक नवमांश. छेद सारखा, वरच्या अंकांची बेरीज, झालं. असली उदाहरणं गोटीने हजाराच्या वर सोडवली होती. दुसऱ्या कपाटाला तिने एकदाही हात लावला नव्हता. वर्गातल्या ज्यांनी लावला होता, त्यांची एक नळी फुटली होती आणि ते परत फिरकले नव्हते.

घरी जाऊन त्यांनी गोटीला समोर बसवलं. आवाज चढवला नाही, पण बसवलं.

"दुसरं कपाट का नाही उघडलंस?"

गोटी टेबलावरच्या दोऱ्याच्या रिळाशी खेळत राहिली.

"अगं, विचारतोय मी."

"फुटली असती ना."

"काय?"

"नळी. मला येत नाही ते. येत नाही आणि हात लावला, की फुटते." मग मान वर करून, जणू मामाच विसरला होता म्हणून त्याला आठवण करून द्यावी तशी ती म्हणाली, "तुझ्या पाटीवर लिहिलंय की. नीट येत नसेल तर हात लावू नका."

शिवणयंत्राची खटखट थांबली.

मामी म्हणाली, "मी शिवण शिकायला गेले तेव्हा पहिलं अर्धं वर्ष नुसतं उसवण्यात गेलं. बाही उलटी लागायची, गळा वाकडा यायचा. आमच्या शिकवणाऱ्या बाई शिवून कधी द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, कुठून बिघडलं ते दाखव. तिथपर्यंतच उसव. सगळंच उसवत बसलीस तर कापडाचा जीव जातो, आणि काहीच उसवलं नाहीस तर गिऱ्हाइकाचा." ती काकांकडे वळली. "तुम्ही माझे गुरू असता, तर मी अजून हातात सुई घेऊन बसले असते. कापड जसंच्या तसं. घडीसुद्धा मोडलेली नाही."

काका त्यावर हसले, पण उशिरा. मग टेबलाशी जाऊन बसले. टकटक मात्र ऐकू आली नाही. ते एका कागदावर काहीतरी लिहीत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते. एकतीस वर्षं ज्या माणसाने नळी फुटू नये म्हणून जीव टाकला, त्याला आता असा खेळ करायचा होता ज्यात नळी फुटल्याशिवाय पुढेच जाता येऊ नये. हाताला वळण नव्हतं ते. पहिली ओळ लिहायलाच दोन दिवस लागले.

नवा खेळ असा झाला. पहिल्या कपाटातली दहा उदाहरणं झाली की तिथे नळ्या मिळणं बंद. दुसऱ्या कपाटात चुकलं तर नळी फुटणारच, पण तुकडे वाया जायचे नाहीत. पडद्यावर मुलाने सोडवलेलं उदाहरण ओळीओळीने येणार, आणि कुठल्या ओळीवर तडा गेला ते त्याने बोटाने दाखवायचं. बरोबर दाखवलं की दोन गुण, आणि तुकडे भट्टीत. मग तेच उदाहरण नीट सोडवलं की भट्टीतून रंगीत नळी बाहेर. निळी, हिरवी, मधासारखी पिवळी. रंगीत नळी मिळायला दुसरा रस्ता नाही. न फुटता ती होतच नाही.

गणिताच्या बाईंनी ऐकून घेतलं. शंका काढली, "म्हणजे मुलं मुद्दाम चुकतील की. आमच्या मागच्या बाकावरचे तिघं तर आधी."

"चुकू देत," काका म्हणाले.

झालंही तसंच. त्या तिघांनी पहिल्याच दिवशी धडाधड नळ्या फोडल्या. फोडल्या खऱ्या, पण दोन गुण मिळवायचे तर तडा कुठे गेला ते दाखवायला हवं, आणि ते दाखवायचं तर उदाहरण यायला हवं. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला एक वैतागून म्हणाला, "काका, हा काय न्याय आहे? नीट चुकायलासुद्धा गणित यावं लागतं!" तो आठवडाभर चिडलेला होता आणि त्या आठवड्यात त्याने एकोणीस रंगीत नळ्या केल्या.

सगळा वर्ग फोडाफोडीला लागला. फक्त गोटी नाही. तिने नवा खेळ घेतलाच नाही. मोबाईलवर तिची अजून जुनीच प्रयोगशाळा होती. तीन भिंती, चकाचक फळ्या, फुटतूट शून्य. मामाने समजावलं. मामीने आमिष दाखवलं. गोटी "उद्या" म्हणायची. परीक्षेला चार आठवडे राहिले होते.

"हिला कळत नाही का?" काका चिडून बायकोला म्हणाले. "फोड म्हणतोय ना मी!"

"तुम्ही तोंडाने म्हणताय," मामी म्हणाली. "आत्ता पेला उचलताना काय म्हणालात तिला?"

काका 'दोन्ही हातांनी!' असं म्हणाले होते.

त्यांच्या खऱ्या प्रयोगशाळेत वरच्या फळीवर एक मोठं, गोल बुडाचं काचेचं भांडं होतं. रंग बदलणाऱ्या पाण्याचा प्रयोग त्यात होतो. पुस्तकात चित्र होतं, परीक्षेला प्रश्न यायचा, पण प्रयोग गेली अकरा वर्षं कुणी बघितला नव्हता, कारण भांडं एकच आणि मुलं अनेक. त्या आठवड्यात विज्ञानाच्या तासाला आठवीचा वर्ग आला तेव्हा काका स्टुलावर चढले. सगळा वर्ग आश्चर्याने बघत राहिला. "आज तुम्ही करायचा," काका म्हणाले. "हे घ्या..."

अकरा वर्षांची धूळ, घामेजलेला हात, आणि भांडं गुळगुळीत. काकांनी मुद्दाम केलं असेल असं पुढे कुणी कुणी म्हणालं, पण त्यांचा चेहरा ज्यांनी बघितला ते तसं म्हणणार नाहीत. भांडं निसटलं. फरशीवर पडलं. आणि डब्यात खळखळवून काढलेल्या आवाजाहून कितीतरी मोठा, कितीतरी गोड असा आवाज झाला.

काका स्टुलावर तसेच, हात पुढे, जणू भांडं अजून हातातच आहे. मागच्या बाकावरचे तिघंसुद्धा श्वास रोखून उभे.

आणि गोटी ओरडली, "मामा, तुला दोन गुण!"

शाळेत 'तुम्ही' म्हणायचं ती साफ विसरली होती. एक क्षण गेला, आणि मग वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातून शिक्षक बघायला आले. काकाही हसले. आधी नाइलाजाने, मग खरंच, चष्मा काढून डोळे पुसावे लागेपर्यंत. खाली उतरून त्यांनी सगळ्यांना मागे सारलं, काचा स्वतः झाडून घेतल्या, आणि खणातून ती लांबट वही काढली. जवळजवळ दोन वर्षांनी तिच्यात नवी ओळ पडली. गोल बुडाचं भांडं, एक. कुणाच्या हातून, या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं.

"पण तडा कुठे गेला ते दाखवलं नाहीत, काका," मागच्या बाकावरून आवाज आला. "गुण कसे मिळणार?"

काकांनी जरा विचार केला. "भांडं काढायच्या आधी पुसायला हवं होतं," ते म्हणाले. "अकरा वर्षांपूर्वी."

त्या संध्याकाळी घरी मामी बटणं लावत होती. काका वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत होते. आणि कोपऱ्यातून आवाज आला, खळ्ळ!

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मामीने ओठांवर बोट ठेवलं.

थोड्या वेळाने पुन्हा, खळ्ळ! मग पुन्हा. मग बराच वेळ काही नाही. मग गोटी मोबाईल घेऊन मामाजवळ आली. "ही ओळ का?"

"तू सांग."

ती ओठ दाबून बघत राहिली. कंसाच्या आधी वजाचं चिन्ह होतं. कंस सोडवताना आतली सगळी चिन्हं उलटवायची असतात. गोटीने पहिलं उलटवलं होतं, दुसरं तसंच ठेवलं होतं. तिने बोट टेकवलं. भट्टी पेटली.

पहिली नळी निळी निघाली. मोबाईल मामीला दाखवायला ती स्वयंपाकघरापर्यंत धावत गेली आणि मामी स्वयंपाकघरात नाहीच, इथे खुर्चीवरच बसलीय, हे तिला तिथे गेल्यावर कळलं.

पुढचे चार आठवडे त्या घरात काचा फुटत होत्या. त्या कंसाने गोटीला किती छळलं! तिची फुटतूट वही उघडली तर नऊ वेळा एकच नोंद: कंस, दुसरं चिन्ह. दहाव्या वेळी ती स्वतःवरच इतकी वैतागली की मामीच्या खडूने तिने टेबलाच्या कडेवर एक मोठा कंस काढून ठेवला. मामीने तो पुसला नाही. तिसरं कपाट उघडायला परीक्षेआधीचे दहा दिवसच मिळाले. ते काही पुरं झालं नाही.

परीक्षा झाली. पेपर तपासून व्हायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत गोटी जेवताना अचानक घास हातात धरून थांबायची. मैत्रिणींनी नववीच्या वर्गातले बाक आत्ताच वाटून घेतले होते. तिच्यासाठी खिडकीजवळचा ठेवला होता. ती "बघू" म्हणाली होती.

बाराव्या दिवशी बाई मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत आल्या. गोटी तिथेच होती, नळ्या विसळायला मामाला मदत करत होती. एका हाताने. काका काही म्हणत नव्हते, नुसते बघत होते, आणि न म्हणण्याचे कष्ट त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

बाईंनी पेपर टेबलावर ठेवला, पण वरचा कोपरा, जिथे गुण लिहितात, तो हाताने झाकून.

"आधी पानं बघ," त्या म्हणाल्या.

पानं भरलेली होती. सगळी. खाडाखोड, बाण, समासात केलेली वजाबाकी, एका ठिकाणी रबराने कागदाला पडलेलं भोक. एकही पान कोरं नव्हतं. काकांनी मान वाकवून बघितलं. इतकं अस्वच्छ काम त्यांनी आयुष्यात इतक्या आनंदाने कधी बघितलं नसेल.

"मला डोकं धरायला लावलंस तू," बाई गोटीला म्हणाल्या. "मागच्या पेपराला मला दोन मिनिटं लागली होती. याला अर्धा तास लागला."

मग त्यांनी हात काढला. पंचवीसपैकी बारा. उत्तीर्ण व्हायला नऊ लागत होते.

गोटीने नळी स्टँडमध्ये ठेवली. नीट ठेवली, तोंड वर. मग दोन्ही हातांनी चेहरा झाकला. ओल्या हातांनीच. मामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही बोलायचं म्हणून म्हणाला, "बाराच का गं? आणखी दोन तरी मिळायला हवे होते."

"हो, मिळाले असते," बाई म्हणाल्या. "अकराव्या उदाहरणात..."

"थांबा, बाई, सांगू नका!" गोटीने चेहरा पुसला, पेपर ओढून घेतला आणि अकराव्या उदाहरणावर डोकं वाकवलं. ओठ दाबलेले, कपाळावर आठी. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीवर तिने बोट टेकवलं, मोबाईलवर टेकवायची तसंच, आणि क्षणभर वाट बघितली.

कागद काही पेटला नाही.

"कंस," ती म्हणाली. "दुसरं चिन्ह."

"बरोबर," बाई म्हणाल्या.

काका टेबलाच्या खणाकडे वळले आणि लाल पेन शोधू लागले.

"काका, नाही हं!" बाई हसत म्हणाल्या. "पेपरावर मी गुण देते. तुमचे दोन तुमच्या खेळात द्या."